आपुलकीचं उत्तर

दोरे-बटणांच्या अरुंद दुकानात ती रांगेत उभी होती, हातात मुलीच्या जाकिटाची तुटलेली चेन, आणि पुढच्या बाईच्या पिशवीतून तिचं स्वतःचं वाक्य बाहेर पडलं. “कालची गेली कालकडे. आजची आपली. घेऊया का?” आधी तिला वाटलं, आपणच मोठ्याने बोललो की काय. झोप अपुरी झाली की तिचं असं व्हायचं. बसमध्ये मुलीच्या गाण्यातली एखादी ओळ तोंडातून निसटायची आणि शेजारचा माणूस जरा सरकून बसायचा. पण आत्ता तोंड मिटलेलं होतं. पिशवीतला फोन बोलत होता. आवाज तिचा नव्हता, तसा तो कुणाचाच नव्हता, नुकत्याच पुसलेल्या काचेसारखा गुळगुळीत. पण ‘कालकडे’ म्हटल्यावर घेतलेला श्वासभराचा थांबा तिचा होता. आणि ‘घेऊया’, ज्यात ऐकणाऱ्याला वाटावं की आपण एकटे नाही, गोळी आपण दोघं मिळून गिळणार आहोत, ते तर अगदी तिचंच. आपला हरवलेला स्वेटर परक्या बाईच्या अंगावर दिसावा, कोपराला आपणच केलेल्या रफूसकट, तसं तिला झालं. लाज आपल्याला का वाटते आहे, ते तिला कळेना.

“काजवाल्या बाई, तुमच्या मैत्रिणीला सांगा जरा हळू बोल म्हणून,” दुकानदार रिळं मोजता मोजता म्हणाला. “अकरा वाजले की तुम्हाला गाठतेच.”

“इथं नसले तर मशिनवर गाठते,” बाई हसली. कपड्याच्या कारखान्यात काज करणारी असावी. बोटांच्या टोकांना सुयांनी काळे ठिपके पाडले होते. दोन्ही हात भरलेले, म्हणून फोन पिशवीतच मोठ्याने लावलेला. “माझ्या नवऱ्यानं जन्मात एवढी चौकशी केली नाही.” मग मान खाली घालून ती पिशवीशी बोलू लागली, एखादी बहिणीशी बोलते तशी. “काल दोनदा उलटी झाली गं. आजही पोटात काही ठरत नाही. लघवी बघ, कशी चहासारखी होते.”

“किती सोसताय तुम्ही,” फोन म्हणाला. “कळतंय मला. शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. थोडं खाऊन घेतलं तर बरं वाटेल. मी आहे ना सोबत.”

चहासारखी. तो शब्द तिच्या कानात शिरला आणि आतल्या कुठल्यातरी जुन्या, शिकलेल्या जागी जाऊन टोचला. टीबीच्या गोळ्यांवर असलेल्या माणसाला उलट्या, अन्नावरची वासना गेलेली, लघवी गडद. छातीच्या दवाखान्यात पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट होती ही. त्या गोळ्या रोग मारतात, पण एखाद्याच्या यकृतावर उलटतात, आणि उलटल्या की तिथल्या तिथे थांबवायच्या. बाईने रिळं फळीवर ठेवली, गोळ्यांची पट्टी काढली, पाण्याची बाटली दातांनी उघडली. वळली, तेव्हा ट्यूबलाइटखाली तिचे डोळे दिसले. बुबुळांच्या भोवतीचं पांढरं पांढरं नव्हतं.

“घेऊ नका.”

“आँ?”

“गोळ्या घेऊ नका. डोळे पिवळे झालेत तुमचे.”

“असतील. इथली ट्यूबच पिवळी आहे.” बाईने भुवया वर केल्या. “तुम्ही कोण?”

“मी छातीच्या दवाखान्यात आहे. गोळ्यांची आठवण करायला आधी मीच फोन करायची सगळ्यांना. ही जी बोलतेय ना, ते माझं बोलणं आहे.”

बाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. अर्धवट विंचरलेले केस, खांद्यावर बाळाच्या लाळेचा वाळलेला डाग, दोन वेगवेगळ्या जोडांतले मोजे. “तुमचं?” ती म्हणाली. “ती तर किती छान बोलते.”

“घाई नाही,” फोन म्हणाला. “मी थांबते.”

“एक्केचाळीस दिवस झाले, ताई,” बाईने फोन काढून पडद्यावरचं झाड दाखवलं. रोज एक पान. एकही फांदी रिकामी नाही. “माझ्या हातून आयुष्यात काही इतकं नेमानं झालं नाही. ते मोडू म्हणता? वाटेत भेटलेल्या बाईच्या सांगण्यावरनं?” आणि गोळ्या तोंडाकडे गेल्या. तेव्हा समुपदेशनाची पदविका घेतलेल्या, सात वर्षांत एकाही रुग्णावर आवाज न चढवलेल्या हिने तिच्या मनगटावर फटका मारला. चार गोळ्या फळीवरून उडून बटणांच्या खणात जाऊन पडल्या. लाल दोन, पांढऱ्या दोन. मागची माणसं मागे सरली. “अहो!” बाई ओरडली. “वेड लागलंय का तुम्हाला?” आणि दुकानदार, ज्याला बटणांत गोळ्या नको होत्या आणि दुकानात तमाशाही, फोनवर वाकून खेकसला, “घेतली, घेतली! ठेव आता!”

“शाब्बास,” फोन म्हणाला. “बेचाळिसावं पान तुमचं.”

दवाखान्याकडे निघालेल्या टॅक्सीत बाई खिडकीला चिकटून बसली होती, पिशवी मांडीवर आवळून. आली होती ती पटलं म्हणून नाही. दुकानदार म्हणाला होता, “बाई, डोळे खरंच पिवळे आहेत हो तुमचे, हळदीचं बोट लावल्यासारखे,” म्हणून. वाटेत ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होती. “साडेतीनला माझी मुलगी सुटते. साडेतीनला मला शाळेत जायचंय. आधीच सांगते.” ही हूं म्हणत होती आणि बाहेर बघत होती, आणि बाहेरचं काही दिसत नव्हतं. दिसत होता तो रंगारी, सात वर्षांपूर्वीचा, तिचा अगदी पहिला रुग्ण, दवाखान्याच्या जिन्यावर पाठ करून बसलेला. चार दिवस गोळ्या चुकल्या म्हणून म्हाताऱ्या कंपाउंडरने त्याला सगळ्या रांगेसमोर झापलं होतं. मरायचंय तर घरी मर, औषध कशाला फुकट घालवतोस. कंपाउंडर वाईट नव्हता. असं झापून त्याने किती तरी माणसं जगवली होती. पण रंगारी उठून चालला होता आणि तो परत येणार नव्हता, हे तिला त्याच्या खांद्यांवरून कळलं. ती शेजारी बसली. त्याच्या पायांवर वाळलेले रंगांचे शिंतोडे मोजता मोजता तिच्या तोंडून निघालं, कालची गेली कालकडे. ते वाक्य तिने कुठल्या पुस्तकातून घेतलं नव्हतं. त्या जिन्यावर, त्या माणसासाठी, त्या दुपारी ते झालं होतं. रंगाऱ्याने सहा महिने पुरे केले. पुढे ती ते वाक्य शेकडो लोकांना म्हणाली, पण दर वेळी क्षणभर तो जिना आठवून. आणि मुलगी झाल्यावर, एक घास थुंकला की दुसऱ्या घासाला, तिलाही. तो गेला कालकडे, हा आपला.

हे सगळं यंत्रवाल्यांनी कशातून उचललं, तेही तिला आता ओळीने आठवत होतं. तिच्या प्रत्येक फोनवर आधी एक सूचना वाजायची, गुणवत्तेसाठी संभाषण ध्वनिमुद्रित होत आहे. कुणाची गुणवत्ता, ते तिने कधी विचारलं नाही. मग एक दिवस तिचे फोन बंद झाले. टीबी कार्यक्रमाचे अधिकारी आले. तरुण, नम्र, दर वाक्यात मॅडम म्हणणारे. दवाखान्यात सगळे त्यांना आलेखसाहेब म्हणत, कारण ते आलेखाशिवाय कुठे दिसत नसत. मॅडम, तुम्ही दिवसाला चाळीस फोन करता, ही सिस्टिम चाळीस हजार करेल. मॅडम, तुमचं काम जाणार नाही, तुम्ही तिला शिकवणार. मुलगी तेव्हा सात महिन्यांची होती. बिनखिडकीच्या खोलीत तिला एका पडद्यापुढे बसवलं. पडद्यावर रुग्णाचं बोलणं, त्याखाली यंत्राने लिहिलेली दोन उत्तरं, अ आणि ब, आणि सगळ्यात वर एकच प्रश्न. कोणतं उत्तर जास्त आपुलकीचं आहे? दिवसाला तीनशे जोड्या. दुपारी दूध दाटून यायचं, छाती दगड व्हायची, ती स्वच्छतागृहात जाऊन दूध काढायची आणि बेसिनमध्ये ओतताना रडायची, मग तोंड धुऊन परत यायची आणि निवडायची. अ. ब. ब. अ. ब. आपुलकी तिला न बघताही ओळखता येत होती. पहिल्या दिवशी तिला बरंसुद्धा वाटलं होतं; जगात पहिल्यांदाच कुणीतरी तिला जे येतं तेच विचारत होतं.

आणि ती एक जोडी. टॅक्सी सिग्नलला थांबली आणि ती जोडी तिच्यासमोर अशी उभी राहिली, जणू पुढच्या काचेवर कुणी लिहिली होती. रुग्ण लिहितो, चार दिवस उलट्या होतायत. अ: गोळ्या ताबडतोब थांबवा आणि आजच्या आज दवाखान्यात या. दुर्लक्ष करू नका. ब: किती सोसताय तुम्ही, कळतंय मला. अ मध्ये कंपाउंडर बोलत होता. ती थबकली होती. खुर्चीतून उठून आलेखसाहेबांपर्यंत गेली होती, हे तिला पक्कं आठवत होतं, कारण ब्लाउजवर ओला डाग होता आणि तिने फाईल छातीशी धरली होती. “साहेब, इथे अ बरोबर आहे. पण आपुलकीचं ब आहे.” त्यांनी मान वर करून हसून म्हटलं होतं, “मॅडम, बरोबर-चूक डॉक्टरांची टीम बघते. तुम्ही फक्त आपुलकी बघा.” ती जागेवर गेली. आणि तिने ब वर बोट ठेवलं. त्यानंतर तशा जोड्या आल्या तेव्हा ती उठलीही नाही. ब. ब. ब. प्रामाणिकपणे, पाठीला रग लागेपर्यंत, विचारलं तेवढ्याचं उत्तर देत.

दवाखान्यात छातीच्या डॉक्टरीणबाईंनी काजवालीची खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्ताच्या तपासणीचा कागद लिहिला. दीड तासाने आकडे आले. डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा वाचले. “आजपासून गोळ्या बंद. सगळ्या. भरती व्हावं लागेल. आणखी चार-पाच दिवस घेतल्या असत्या ना, तर मी काय केलं असतं मला माहीत नाही.” मग चष्मा काढून, “उलट्या कधीपासून?”

“दहा-बारा दिवस.”

“आणि आत्ता सांगताय?”

“रोज सांगतेय की,” काजवाली म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच कापला. “रोज अकराला सांगतेय.” तिने फोन पुढे केला, साक्षीदाराला पुढे करावं तसा. पडद्यावर बेचाळीस पानांचं झाड होतं. डॉक्टरीणबाई त्या झाडाकडे बघत राहिल्या, मग हिच्याकडे, मग त्यांनी चष्मा घातला आणि लिहायला घेतलं. खाटेवर टेकताना काजवाली रडायला लागली, यकृतासाठी नाही. “नेमानं घेतल्या हो मी. एक चुकवली नाही. शहाण्यासारखं सगळं ऐकलं.” ही उशी सारखी करत होती. काहीतरी बोलणं हे हिचं काम होतं, सात वर्षं हिने दुसरं काही केलं नव्हतं, आणि तोंडाशी आलेलं प्रत्येक वाक्य यंत्राच्या तोंडून आधीच येऊन गेलं होतं. मी आहे ना. कळतंय मला. किती सोसलंत. सगळी आता उष्टी होती. चोर घरात शिरून दागिने नेतो, तो निदान ते घालून आपल्याच शेजारणीचा गळा आवळत नाही. “रडा,” ती शेवटी म्हणाली. त्याशिवाय तिच्याकडे काही उरलं नव्हतं. काजवालीने नाक पुसलं, शाळेत फोन लावून वर्गाच्या बाईंना सांगितलं की मुलीला न्यायला दवाखान्यातली एक बाई येईल, आणि मग फोन छातीवर ठेवून हिला म्हणाली, “तुम्हाला जायलाच लागेल. मारलंत तुम्ही मला. आता माझं पोरही तुम्हीच आणा.”

शाळेकडे चालत जाताना तिने आलेखसाहेबांना फोन लावला. रस्त्याच्या कडेला खणून ठेवलं होतं, ती मातीच्या ढिगांवरून चढत-उतरत बोलत होती, धाप लागत होती आणि त्याने बोलणं आणखी भांडखोर वाटत असेल, हे तिला कळत होतं आणि तिला ते थांबवायचं नव्हतं.

“मॅडम, शांत व्हा. त्या रुग्णाचं सातत्य तर शंभर टक्के दिसतंय. आजचाही डोस झालाय.”

“आजचा डोस दोरेवाल्यानं घेतलाय! पुरुषाचा आवाज ऐकून तुमच्या बाईनं शाब्बास म्हटलंय. गोळ्या बटणांत पडल्यात, पाठवू का उचलून?”

“हा अभिप्राय महत्त्वाचा आहे, मी नोंद करतो.”

“बारा दिवस ती सांगतेय उलट्या होतायत. तुमच्याकडे कुणी वाचत नाही?”

“धोक्याचे शब्द ठरवलेत ना, मॅडम. रक्त, बेशुद्ध, पिवळे डोळे. त्यातला एक जरी आला तरी लाल खूण पडते आणि माणूस फोन करतो. त्यांनी डोळे पिवळे असं एकदाही म्हटलं नाही.”

“साहेब, स्वतःचे डोळे पिवळे झालेत हे माणूस स्वतः कसं सांगेल? दुसऱ्यानं बघावं लागतं! तोंडासमोर उभं राहून!” एक सायकलवाला तिच्याकडे वळून बघत गेला. “आणि ती डॉक्टरांची टीम? बरोबर-चूक बघणारी?”

पलीकडे कीबोर्ड वाजला. मग, “ती पुढच्या टप्प्यात आहे.”

“म्हणजे नव्हतीच.”

“मॅडम, उलटीच्या बाबतीत सिस्टिमनं जे उत्तर दिलं ते तुम्हीच पसंत केलेल्या पद्धतीचं आहे. मी दोष देत नाही. तुमच्या आपुलकीचा दर्जा इतका चांगला होता की आम्ही सगळीकडे तोच वापरला.”

ती ढिगाऱ्यावर उभी राहिली. बुटात माती गेली होती. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते काहीतरी कोरडं आणि टणक, बाळंतपणात शेवटी शेवटी आलं होतं तसं, जेव्हा घाबरायलाही अंगात जागा उरली नव्हती. तिला कंपाउंडर आठवला. निवृत्त होऊन मेलासुद्धा तो. त्याचं झापणं दवाखान्यातल्या कुणीही शिकून घेतलं नाही, कुणी त्याची ध्वनिफीत केली नाही, त्याच्यापुढे अ आणि ब ठेवून कुणी विचारलं नाही की यातलं कोणतं उत्तर माणसाला वाचवतं. “साहेब,” ती म्हणाली, “मी निवडलं. ब वर बोट माझंच होतं, ते मी लिहून देते. पण प्रश्न तुमचा होता, तोही मी लिहून देणार आहे. डॉक्टरीणबाईंची सही घेऊन. आणि आज अकरापर्यंत ज्या ज्या माणसानं तुमच्या बाईला उलटी हा शब्द सांगितलाय, त्या प्रत्येकाची यादी मला संध्याकाळी पाहिजे. फोन मी करणार. तोंडानं.” ते काहीतरी धोरणाबद्दल बोलू लागले. तिने फोन ठेवला. यादी मिळेल की नोकरी जाईल, दोन्ही होईल की काहीच होणार नाही, हे तिला माहीत नव्हतं. घरी नवरा म्हणेल, इतकं मनाला लावून घेऊ नकोस. तोही आपुलकीनेच म्हणेल.

शाळेच्या फाटकाशी आया उभ्या होत्या, घामेजलेल्या, मुलांची दप्तरं हातात घेणाऱ्या, कुणाचं नाक पुसणाऱ्या. वर्गाच्या बाईंनी वहीत नाव बघून विचारलं, “तुम्ही त्यांच्या कोण?”

“दवाखान्यातली,” ती म्हणाली. “कुणी नाही.”

मुलगी असेल सहा-सात वर्षांची. पुढचे दोन दात नसलेली, दप्तर पोटाशी धरलेली. ती हिच्याकडे आली नाही. फाटकाच्या खांबाला टेकून उभी राहिली. “आई कुठंय?”

आई येतेच हं, हे वाक्य तिच्या जिभेवर आलं, गरम, तयार, स्वतःच्या मुलीला शंभरदा सांगितलेलं. तिने ते गिळलं. “आई दवाखान्यात आहे. आज घरी येणार नाही. उद्याही येणार नाही बहुतेक.”

“मग कधी येणार?”

“मला माहीत नाही. तिचं पोट आतून दुखावलंय. डॉक्टर रोज रक्त बघतील, मग सांगतील.”

मुलीचा खालचा ओठ पुढे आला. ती रडेल म्हणून ही गुडघ्यांवर बसली, पण मुलगी रडली नाही, तिने दप्तर जमिनीवर आपटलं. “मी सांगितलं होतं!” ती ओरडली. “मी आईला सांगितलं होतं, तुझे डोळे लिंबासारखे झालेत! ती म्हणाली, गप. मी रोज सांगितलं. मग तिनं त्या फोनवरच्या ताईला विचारलं, माझी मुलगी म्हणते डोळे लिंबासारखे दिसतात.”

“मग?”

“ताई म्हणाली, किती गोड. मुलीचं किती लक्ष आहे तुमच्याकडे. म्हणाली, भाग्यवान आहात.” मुलीने बाहीने नाक पुसलं. “मग आई हसली. मला जवळ घेतलं. आणि गोळ्या घेतल्या.”

आया वळून बघत होत्या, आणि ही अजून गुडघ्यांवरच बसलेली होती. मुलीने तिच्याकडे संशयाने पाहिलं. मोठी माणसं आता काय करतात हे तिला माहीत होतं, ती डोक्यावरून हात फिरवतात. हिने हात फिरवला नाही. दोन्ही हात मुठी करून मांडीवर ठेवले आणि आवाज मऊ न करता, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, “तू बरोबर पाहिलं होतंस. बारा दिवसांत एकटीनं तू बरोबर पाहिलं होतंस, आणि तुझं ऐकायला पाहिजे होतं. आईनं नाही. आम्ही.”

मुलगी खांबापासून पुढे आली. मग तिने जमिनीवरचं दप्तर उचललं, त्याची धूळ झटकली, आणि ते हिच्या हातात न देता स्वतःच्या पाठीवर चढवून म्हणाली, “चल. मला परत बघायचेत तिचे डोळे.”